हिवाळ्यात सिलिंडर लवकर का संपतो? विदर्भातील खेड्यातल्या घराचा इंधनाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सहा माणसे असून त्यांत वृद्ध आई-वडील आणि एक तान्हे मूल आहे. एरवी ४० दिवस पुरणारा सिलिंडर थंडीत २३ दिवसांत संपतो, म्हणून तो कमी भरलेला येतो की काय अशी शंका आहे. आंघोळीचे काही पाणी गॅसवर आणि काही चुलीवर तापते. घरचे सरपण पावसाळ्यात भिजल्यामुळे टालावरून ८ रुपये किलोने लाकूड विकत आणावे लागते. अशा स्थितीत विजेचा रॉड घ्यावा, गॅस गिझर बसवावा की सगळे पाणी चुलीवर न्यावे, आणि हिवाळ्यात गॅसचे दर वाढतातच असे समजून आधीच सिलिंडर भरून ठेवावेत काय, असे आपण विचारले आहे.

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत बायोगॅस, चुली आणि आंघोळीचे पाणी तापवायचे बंब यांची कामे करताना अनेक घरांचा इंधनखर्च मला जवळून पाहायला मिळाला. त्या अनुभवावरून आधी एवढेच सांगतो की आपला वाढलेला खर्च जवळजवळ पूर्णपणे आंघोळीच्या पाण्याचा आहे. डोंगराळ मुलुखासारखी घर तापवण्याची गरज आपल्याकडे नसते. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण अशा रात्री मोजक्याच असतात. खरे इंधन रोज पहाटे न्हाणीत जाते, म्हणून हिशेबही तिथूनच मांडायला हवा.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. रात्रभर टाकीत किंवा ड्रममध्ये राहिलेले पाणी पहाटे १५ अंशांवर असते असे धरू. २० लिटरची बादली ४२ अंशांपर्यंत न्यायची तर २७ अंशांची वाढ हवी, म्हणजे ५४० किलोकॅलरी. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये किलोमागे सुमारे १०,९०० किलोकॅलरी उष्णता असते. घरगुती शेगडीवर त्यातला साधारण ६० टक्के भाग भांड्यात उतरतो, बाकीचा भांड्याच्या कडेने निघून जातो. या हिशेबाने एका बादलीला सुमारे ८२ ग्रॅम गॅस लागतो. सहा माणसांना रोज जवळपास अर्धा किलो, म्हणजे महिन्याला १४.२ किलोचा एक अख्खा सिलिंडर नुसत्या आंघोळीला लागेल. आपला सिलिंडर ४० दिवसांऐवजी २३ दिवस टिकतो याचा अर्थ रोज सुमारे २६० ग्रॅम गॅस जास्त जळतो आहे, आणि तो साधारण तीन बादल्यांचा गॅस आहे. त्यामुळे सिलिंडर कमी भरलेला येतो ही आपली शंका या आकड्यांतून सिद्ध होत नाही. तरीही खात्री करायची असेल तर सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते. त्यात १४.२ मिळवावे आणि सिलिंडर घेतानाच काट्यावर ठेवून पाहावे.

आता रुपयांत पाहू. भरलेल्या सिलिंडरचा दर सोयीसाठी ९०० रुपये धरला तर एक बादली सव्वापाच रुपयांना पडते. उज्ज्वला योजनेची जोडणी असेल आणि ३०० रुपयांचे अनुदान खात्यात जमा होत असेल तर तीच बादली साडेतीन रुपयांत होते. चुलीचे गणित मात्र बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट निघते. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतला जेमतेम आठवा भाग पाण्यात उतरतो. चांगल्या वाळलेल्या लाकडात किलोमागे ३,५०० किलोकॅलरी धरल्या तरी एका बादलीला सव्वा किलोच्या आसपास लाकूड जळते, आणि ८ रुपये किलोच्या भावाने ती बादली दहा रुपयांच्या घरात जाते. म्हणजे विकतचे लाकूड उघड्या चुलीत जाळून पाणी तापवणे हा आपल्या घरातला सर्वांत महाग मार्ग आहे, विनाअनुदान सिलिंडरपेक्षाही महाग. चूल स्वस्त पडते ती सरपण घरचे असेल तेव्हाच, आणि तेव्हाही ते गोळा करण्याचे घरच्या बायकांचे श्रम आपण फुकट धरतो म्हणून.

इंधन बदलण्याआधी पाणी बदलून पाहावे, कारण त्याला पैसा लागत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी हिवाळ्यात पहाटे कोमट लागते हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचा फायदा फार थोडी घरे घेतात. जमिनीच्या पोटातले पाणी आपल्या भागात वर्षभर २५ अंशांच्या आसपास राहते, तर स्लॅबवरच्या काळ्या टाकीतले पाणी रात्रीच्या थंडीत पार गारठून जाते. पहाटे ताजे उपसलेले २५ अंशांचे पाणी ४२ वर न्यायला १७ अंशांचीच वाढ लागते, म्हणजे ५४० ऐवजी ३४० किलोकॅलरी. इंधनात एका झटक्यात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बचत होते, मग ते इंधन गॅस असो, लाकूड असो की वीज. घराजवळ हापशी असेल किंवा पहाटे घरगुती विजेवर चालणारी मोटर असेल तर आंघोळीचे पाणी रात्री भरून ठेवू नये. ते शक्य नसेल तर निदान भरलेला ड्रम अंगणाऐवजी घरात, भिंतीच्या आडोशाला ठेवावा आणि त्यावर झाकण व पोते टाकावे. दुसरी सवय अशी की गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी खळखळ उकळू देतात आणि मग त्यात विसण, म्हणजे गार पाणी, घालतात. झाकण नसलेल्या गंजातून वाफेच्या रूपाने बरीच उष्णता हवेत जाते. तापवायचेच असेल तर झाकण ठेवून, हाताला चटका बसेल इतपतच तापवावे.

दराबद्दलची आपली समजूत अर्धी खरी आहे. भारत आपल्या गरजेचा निम्म्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस आयात करतो आणि त्याची किंमत सौदी अरेबियाची तेलकंपनी दर महिन्याला जाहीर करत असलेल्या दराशी जोडलेली असते. थंड देशांत घरे तापवण्यासाठी मागणी वाढते तेव्हा हा दर बहुधा चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. हॉटेलांत वापरला जाणारा १९ किलोचा सिलिंडर या चढउताराप्रमाणे महिन्याच्या १ तारखेला बदलतो, आणि बातम्यांत ‘सिलिंडर महागला’ असे येते तेव्हा अनेकदा तो हाच असतो. घरगुती सिलिंडरचा दर मात्र ऋतूपेक्षा सरकारी निर्णयावर अधिक हलतो. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस तो २०० रुपयांनी उतरला, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरला आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी वाढला. यांतला एकही बदल ऐन थंडीतला नाही. डिसेंबर २०२० मध्ये दोनदा ५०-५० रुपयांची वाढ झाली होती, पण तो चढ पुढच्या उन्हाळ्यानंतरही थांबला नाही, म्हणून त्याला हिवाळ्याची वाढ म्हणता येत नाही. तेव्हा थंडीच्या धास्तीने जास्तीचे सिलिंडर घरात साठवू नयेत. त्यात धोका आहे आणि खात्रीचा फायदा नाही. घरातील महिलेच्या नावावर जोडणी असेल तर राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत, ज्यात वर्षाला तीन मोफत सिलिंडरांची तरतूद आहे, आपण बसता का हे एजन्सीत विचारून घ्यावे.

हिवाळ्यात ज्याचा भाव खरोखर चढतो ते लाकूड, आणि त्याचे कारण आपणच आहोत. दिवाळी झाली, गारवा सुटला की सगळे गाव एकाच वेळी टालावर जाते आणि पावसात भिजलेले, अर्धवट वाळलेले लाकूड मिळेल त्या भावाने घेते. किलोवर विकले जाणारे ओले लाकूड म्हणजे लाकडाच्या भावाने घेतलेले पाणीच. ४० टक्के ओलावा असलेल्या क्विंटलभर लाकडात ४० किलो पाणी असते. ते आधी वाफ होऊन जावे लागते आणि त्या प्रत्येक किलोला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात. किलोला किलो तोलले तर अशा लाकडाची उष्णता वाळलेल्या लाकडाच्या दोन तृतीयांशच भरते, वर धूरही जास्त. घेताना दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहाव्यात. वाळलेले लाकूड खणखणीत वाजते, ओले भद्द आवाज करते. वाळलेल्या तुकड्याच्या टोकाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा दिसतात आणि साल नखाने सुटते. खरेदीचा महिना मार्च किंवा एप्रिल हाच. तेव्हा भाव उतरलेला असतो आणि पुढचे दोन महिने आपले ऊन फुकटात लाकूड वाळवून देते. मृगाच्या आधी ते जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर रचून वरून टिनपत्र्याने झाकावे. मात्र बाजू मोकळ्या ठेवाव्यात, कारण ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळलेले सरपण आतल्या आत घामेजते आणि त्याला बुरशी येते.

आपल्याकडे कापूस आहे, म्हणजे पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडे, आहे, आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. वेचणी संपून पऱ्हाटी उपटली जाते तोवर थंडी सरत आलेली असते, त्यामुळे या हिवाळ्यात जळणारी पऱ्हाटी नेहमी मागच्या हंगामाची असते. तिने मधला एक अख्खा पावसाळा काढलेला असतो. आपले सरपण भिजले ते याच कारणाने. दुसरीकडे, गुलाबी बोंडअळी किडक्या, न उमललेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि बांधावर किंवा घरामागे रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीतून पुढच्या कपाशीवर जाते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातल्या कपाशीचे काय केले ते आपल्याला सांगायला नको. पऱ्हाटी साठवू नका हा कृषी विभागाचा सल्ला म्हणूनच रास्त आहे, पण ज्या घराची चूलच पऱ्हाटीवर चालते त्याला तो जसाच्या तसा पाळता येत नाही हेही खरे. यातला मधला मार्ग असा की उपटल्यावर लगेच शेंड्याकडच्या बारीक फांद्या आणि त्यांवरची सगळी बोंडे तोडून तिथेच नष्ट करावीत आणि घरी फक्त बोटाएवढ्या किंवा त्याहून जाड बुंध्यांची वीत-दीड वीत लांबीची कांडकी आणावीत. उष्णता बुंध्यातच असते, बारीक काड्या भुर्रकन जळून जातात. कांडकी केल्यामुळे गंजीची जागा निम्म्यावर येते आणि झाकायला पत्र्याचे दोन तुकडे पुरतात. तुराट्यांना, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांना, हा त्रास नाही. त्या झटकन पेट घेतात, तशाच झटकन विझतात, म्हणून त्या पेटवणासाठी ठेवाव्यात आणि आच धरायला पऱ्हाटी किंवा बाभळीची ढलपी वापरावी.

जंगलातल्या सरपणाविषयी एवढेच म्हणतो की आपल्या तालुक्याच्या काही भागात टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूने वाघांचा वावर असतो, आणि ताडोबा-ब्रह्मपुरीकडे सरपणाला गेलेल्या बायामाणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तीन बादल्या पाण्यासाठी हा धोका पत्करू नये. गाव वनालगत असेल तर २०१५ पासूनची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना तिथे लागू आहे का, याची ग्राम परिस्थितिकी विकास समितीकडे चौकशी करावी. त्या योजनेतून गॅसजोडण्या आणि बायोगॅस यांसाठी मदत दिली गेली आहे.

आपल्या घरासाठी माझी पहिली शिफारस बंबाची आहे. उघड्या चुलीत आच गंजाच्या बुडाला चाटून बाहेर जाते. बंबात ती मधल्या नळीतून वर चढते आणि तिच्या चहूबाजूंनी पाणी असते, त्यामुळे लाकडाच्या उष्णतेतला चौथा हिस्सा, बंब चांगला असेल तर त्याहून थोडा जास्त, पाण्यात उतरतो. सव्वा किलो लाकडाचे काम अर्ध्या-पाऊण किलोत होते आणि ते काम पऱ्हाटीची कांडकी, गोवरीचे तुकडे किंवा मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांवर निभते. तांब्याचा नवा बंब आज महाग आहे, पण बहुतेक जुन्या घरांच्या माळ्यावर एखादा पडलेला असतो. कल्हईवाला किंवा तांबट मिळाला तर गळका जोड डागून घ्यावा, जळलेली जाळी बदलावी आणि मधल्या नळीतली काजळी दर आठवड्याला तुराटीला चिंधी बांधून झाडावी. बोट लावल्यावर काळा थर दिसण्याइतकी काजळी साचली की पाणी तापायला लागणारा वेळ स्पष्ट वाढतो. क्षारयुक्त पाणी असेल तर आतून चुन्यासारखे पांढरे कवच धरते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर बंब उपडा करून ठोकला की त्याचे पापुद्रे गळून पडतात. आपल्याकडे तितके होत नसले तरी हंगामात एकदा लिंबाचे किंवा चिंचेचे पाणी रात्रभर भरून ठेवून तो साफ करावा. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नये, हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेवावे. एकदा कोरडा तापला की जोडांचे डाग सुटतात.

विजेच्या रॉडबद्दल आपण विचारले आहे. दीड हजार वॅटचा रॉड टाकीतल्या गार पाण्याची एक बादली साधारण अर्ध्या तासात तापवतो आणि त्याला पाऊण युनिटाच्या आत वीज लागते. एका बादलीपुरते हे स्वस्त दिसते. पण सहा बादल्यांचे महिन्याला १२५ च्या आसपास युनिट होतात, आणि महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरच्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक असतो. आपले एरवीचे बिल ८० युनिटांचे असेल तर रॉडचे पहिले २० युनिटच स्वस्त दराने बसतील आणि उरलेले सगळे महाग टप्प्यात जातील. आधीचे ८० युनिटही महाग होतात असा एक समज गावोगाव ऐकू येतो, तो चुकीचा आहे. वाढीव दर वाढीव युनिटांनाच लागतो. स्वस्त टप्प्यात सगळे शुल्क धरून युनिटाला ६ रुपये मानले तर बादली सव्वाचार रुपयांना पडते, आणि १२ रुपये मानले तर साडेआठला. म्हणून रॉड ठेवावा तो एका बादलीपुरता, बाळाच्या किंवा आईंच्या पाण्यासाठी. त्यालाही अर्थिंग असलेला पॉइंट हवा, बादली प्लास्टिकची हवी आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालता कामा नये. छपरावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार असेल तर गणित पालटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि तशा घरात विजेवर पाणी तापवणे परवडते. सौर बंबही आपल्या उन्हात उत्तम चालतो, फक्त क्षारयुक्त पाण्यात त्याच्या नळ्या वेळच्या वेळी साफ कराव्या लागतात.

गॅस गिझर मी आपल्याला सुचवणार नाही. शेगडीपेक्षा त्यात गॅस कमी लागतो हे खरे, पण खेड्यातल्या न्हाण्या आता सिमेंटच्या, लहान आणि थंडी आत येऊ नये म्हणून बंद केलेल्या असतात. अशा जागेत जळणारा गॅस हवेतला प्राणवायू संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, ज्याला ना रंग असतो ना वास. हाच धोका कोळशाच्या शेगडीचा आहे. वणी आणि चंद्रपूरकडून येणारा दगडी कोळसा पेटवून ती शेगडी आई-वडिलांच्या खोलीत ठेवून दार लावून घेण्याची पद्धत आपल्या भागात अजून दिसते. निखारे लाल झाले आणि धूर थांबला म्हणजे धोका टळला असे नसते. वृद्धांना शेक हवा असेल तर तो ओसरीत, मोकळ्या हवेत घ्यावा आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी. खोलीत गरम पाण्याची रबरी पिशवी, जमिनीवर पोते किंवा सतरंजी आणि वाऱ्याच्या दिशेची फट बुजवलेली खिडकी एवढ्याने भागते. मात्र दुसरी एक खिडकी किलकिली ठेवावी.

गोठ्यात चार-पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरचा बायोगॅस संच आपल्या स्वयंपाकाचा बराच भार उचलू शकतो. त्याला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागते आणि पूर्ण चालला तर तो दिवसाला पाऊण किलोहून थोड्या अधिक सिलिंडरच्या गॅसचे काम करतो. पण नेमक्या थंडीत त्याचे जिवाणू मंदावतात आणि गॅस लक्षणीय घटतो, हे संच देणारे क्वचितच सांगतात. शेण कालवायला पहाटेच्या गार पाण्याऐवजी दुपारचे उन्हात तापलेले पाणी घ्यावे आणि घुमटावर तणस किंवा सोयाबीनच्या कुटाराचा हातभर थर द्यावा, म्हणजे घट बरीच आवरते.

या हंगामापुरते आपण उद्यापासून एवढे करावे. ताज्या उपशाच्या पाण्यावर या, माळ्यावरचा बंब उतरवून दुरुस्त करून घ्या आणि टालावरून लाकूड आणायचेच असेल तर ते उघड्या चुलीसाठी न आणता बंबापुरतेच आणा. सिलिंडर स्वयंपाकाला ठेवला आणि बाळाची एक बादली रॉडवर घेतली तर तो पुन्हा ४० दिवसांच्या जवळ जायला हवा. पुढचा सिलिंडर लावाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. तीस दिवसांच्या आत तो संपलाच, तर मग रेग्युलेटरची रबरी नळी, तिचे दोन्ही जोड आणि शेगडीचे कॉक साबणाचे पाणी लावून तपासा, कारण तेव्हा प्रश्न पाण्याचा राहिलेला नसेल.